पाठवलेली फाइल जाते कुठे? गृहकर्जाची कागदपत्रं आणि मागे उरणाऱ्या प्रती

मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'फर्स्ट अमेरिकन फायनान्शिअल' या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. ही कंपनी घरांच्या मालकीहक्काचा विमा उतरवते, त्यामुळे घरखरेदीचे आणि गृहकर्जाचे कागद तिच्याकडे ढिगाने येतात. हे कागद ती संबंधितांना लिंक पाठवून दाखवत असे. लिंकच्या शेवटी एक क्रमांक असायचा. त्यातला एखादा आकडा बदलला की भलत्याच कोणाची तरी कागदपत्रं समोर येत. पासवर्ड नाही, लॉगिन नाही, विचारणारं कोणी नाही. सायबरसुरक्षेवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी बातमी दिली तेव्हा अशा उघड्या पडलेल्या फाइलींचा आकडा सुमारे ८८ कोटी ५० लाख होता आणि त्यातल्या सर्वांत जुन्या २००३ सालच्या होत्या. बँक खात्यांचे क्रमांक, करविवरणं, ओळखपत्रांचे फोटो, पैसे पाठवल्याच्या पावत्या, सगळं त्यात होतं.

पुढे चौकशीत कळलं की हा दोष कंपनीच्या स्वतःच्याच तपासणीत डिसेंबर २०१८ मध्ये सापडला होता आणि तरी तसाच राहिला होता. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने २०२३ मध्ये कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले.

या प्रकरणातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. कागद वाटेत कोणी पळवले नव्हते. जिथे पोहोचायचे तिथे ते पोहोचले होते, व्यवहार पुरे झाले होते, लोक नव्या घरात राहायला जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. उघड्या पडल्या त्या मागे राहिलेल्या प्रती. 'कागदपत्रं सुरक्षित पाठवा' म्हटलं की आपण फक्त वाटेचा विचार करतो, मुक्कामाचा करत नाही. या लेखात दोन्हींचा विचार करू, पण जास्त मुक्कामाचा.

## या फाइलीत असतं तरी काय?

एखाद्या दुकानदाराकडून तुमचा मोबाइल नंबर फुटला तर नकोसे फोन येतात, तेवढ्यावर भागतं. गृहकर्जाच्या फाइलीचं तसं नाही. ओळखपत्राची प्रत, जन्मतारीख, आताचा आणि आधीचा पत्ता, पगाराच्या पावत्या, काही वर्षांची करविवरणं, काही महिन्यांची बँक विवरणं, आधीची कर्जं, विम्याचे तपशील आणि जागोजागी केलेल्या सह्या. माणसाचं आर्थिक आयुष्य एका जागी इतकं नीट लावून ठेवलेलं दुसरीकडे क्वचितच सापडेल. चोराला जी माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली असती, ती कर्जदाराने स्वतःच क्रमाने लावून दिलेली असते.

बँक विवरणाकडे तर वेगळं बघायला हवं. पगार कुठून येतो हे त्यात असतंच, पण कोणत्या दवाखान्यात पैसे भरले, कोणत्या संस्थेला देणगी दिली, घरातल्या कोणाला दर महिन्याला किती पाठवले, हेही असतं. आणि फोनवर ओळख पटवताना बँका जे विचारतात, म्हणजे शेवटचा व्यवहार कोणता, पत्ता काय, जन्मतारीख काय, त्याची उत्तरंही तिथेच मिळतात.

शिवाय फाइल एकट्या कर्जदाराची नसते. सहकर्जदार, जामीनदार, घर विकणारा, नोकरी देणारी कंपनी, या सगळ्यांची माहिती त्यात येते. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' असं म्हणणाऱ्याने जामीनदाराला विचारलेलं असतं का? पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही, सही बदलणंही सोपं नाही.

## पाठवणं म्हणजे प्रत काढणं

कागदी फाइल दिली की ती आपल्या हातातून जाते आणि समोरच्याच्या हातात पडते. डिजिटल फाइल कुठे जात नाही. जिथे होती तिथेच राहते आणि तिची आणखी एक प्रत दुसरीकडे तयार होते.

मोजून बघा. पगाराची पावती फोनवर स्कॅन केली. एक प्रत फोनमध्ये, फोटो आपोआप क्लाउडवर जात असतील तर एक तिथे, स्कॅनिंगचं अॅप स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत असेल तर आणखी एक. ईमेल केली की एक 'सेंट' फोल्डरमध्ये, एक कर्ज जुळवून देणाऱ्या एजंटच्या इनबॉक्समध्ये. एजंटचं ईमेल फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर चालतं. त्याने फाइल डाउनलोड केली, ती 'डाउनलोड्स'मध्ये पडली. त्याने ती बँकेच्या अधिकाऱ्याकडे फॉरवर्ड केली, अधिकाऱ्याने वकिलाकडे आणि मूल्यांकन करणाऱ्याकडे. प्रत्येक ठिकाणी पुन्हा तेच चक्र, वर प्रत्येकाचा बॅकअप वेगळा. एका पावतीच्या डझनभर प्रती व्हायला दुपार पुरते, आणि त्यातल्या बहुतेकांचा ठावठिकाणा पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही.

फाइल फुटायला यातली एक प्रत पुरेशी असते. एजंटच्या ईमेलचा पासवर्ड कमकुवत असला तर तुमच्या बँकेची सगळी सुरक्षा व्यवस्था त्या प्रतीच्या उपयोगाची नाही. म्हणून कुठलंही साधन निवडताना दोन प्रश्न विचारावेत: याने किती प्रती तयार होतील, आणि त्या किती दिवस जगतील? एन्क्रिप्शन वगैरे गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या मते त्या या दोन प्रश्नांच्या नंतर येतात.

## 'पण ईमेल तर आता एन्क्रिप्टेड असतं ना?'

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर गणिताने असा बदलून टाकणं की ठरावीक गुप्त संख्या हाती असल्याशिवाय तो वाचता येऊ नये. या गुप्त संख्येला 'की' म्हणतात. आज सर्वाधिक वापरात असलेली एईएस ही पद्धत अमेरिकी सरकारने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती तयार केली. एईएसचं गणित मोडून कोणी तुमची फाइल वाचेल ही भीती मनातून काढून टाका. जे मोडतं ते गणिताच्या भोवती असतं: पासवर्ड, माणसं, सवयी.

ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे नेण्याची मूळ पद्धत १९८२ ची आहे, आणि तिच्यात गुप्ततेची सोयच नव्हती. ती १९९९ मध्ये जोडली गेली, तीही 'समोरच्या सर्व्हरला जमत असेल तर' अशा अटीवर. दोन्ही सर्व्हरना जमलं तर वाटेतला मजकूर एन्क्रिप्ट होतो, नाही जमलं तर बरेचदा तो तसाच, उघडा जातो. जीमेल २०१६ पासून अशा वेळी लाल रंगाचं उघडं कुलूप दाखवतं. आज मोठ्या ईमेल सेवांच्या आपसातल्या बहुतेक मेल एन्क्रिप्ट होऊनच जातात, म्हणजे वरच्या प्रश्नाचं उत्तर 'बहुधा हो' असं आहे.

पण हे एन्क्रिप्शन दोन सर्व्हरच्या मधल्या वाटेपुरतं आहे. मेल सर्व्हरवर उतरली की सेवा देणारी कंपनी ती वाचू शकते आणि त्या खात्यात शिरणारा कोणीही वाचू शकतो. पाठवणाऱ्याच्या यंत्रावर बंद झालेला मजकूर थेट घेणाऱ्याच्या यंत्रावरच उघडावा, मधल्या कोणालाही वाचता येऊ नये, अशी सोय असली तर तिला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. ईमेलसाठी हे १९९१ पासून उपलब्ध आहे. फिल झिमरमन यांनी तेव्हा पीजीपी हा प्रोग्राम काढला. इतक्या वर्षांत तो सर्वसामान्यांच्या पचनी पडला नाही, कारण दोन्ही बाजूंनी आधीच की तयार करून त्यांची देवाणघेवाण करावी लागते. कर्जदाराकडून ही अपेक्षा धरणं व्यवहार्य नाही, आणि धरली तरी मेलचा विषय आणि कोणी कोणाला पाठवली हे त्यात सहसा झाकलं जात नाही. विषयाच्या ओळीत ग्राहकाचं पूर्ण नाव आणि खाते क्रमांक घालण्याची सवय म्हणून वाईट.

एन्क्रिप्शन वाट राखतं. मेल पोहोचल्यावर सात वर्षं इनबॉक्समध्ये पडून राहिली तर त्याला काही करता येत नाही.

## 'मी पीडीएफला पासवर्ड लावतो'

चांगलं करता. फक्त तो पासवर्ड काय आहे, आणि तो समोरच्याला कसा कळतो, हे बघू.

ग्राहकाची जन्मतारीख हा सगळीकडे चालणारा पासवर्ड. लक्षात ठेवावा लागत नाही, सांगावाही लागत नाही. पण शंभर वर्षांत दिवस असतात ३६,५२५. तेवढ्या तारखा एकामागून एक लावून बघायला साध्या लॅपटॉपलाही फार वेळ लागत नाही. बँकेच्या संकेतस्थळावर तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं अडकतं. हाती आलेल्या पीडीएफला मात्र अडवणारं कोणी नसतं. ती चोराच्या यंत्रावर असते आणि तो हवे तितके प्रयत्न करू शकतो. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष ही पद्धत फार वेगळी नाही, कारण नाव बहुतेक वेळा फाइलीच्या नावातच लिहिलेलं असतं.

झिप फाइलीचं आणखी वेगळं. झिपची जुनी पासवर्ड पद्धत कशी भेदायची हे १९९४ मध्येच दोन तज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं. फाइलीतला थोडासा मजकूर आधीच ठाऊक असला की पुरे. तरी काही प्रोग्राम अजून तीच पद्धत वापरतात. एईएस निवडलं तर आतला मजकूर सुरक्षित राहतो, पण आतल्या फाइलींची नावं झिपमध्ये तरीही वाचता येतात. 'घटस्फोटाचा हुकूमनामा' असं नाव असलं तर आत काय आहे ते वेगळं वाचायची गरज उरत नाही.

आता पासवर्ड कळवण्याची तऱ्हा. पासवर्ड त्याच मेलमध्ये, नाहीतर दोन मिनिटांनी दुसऱ्या मेलमध्ये. कुलूप लावून किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवणं म्हणतात ते हेच. ज्याच्या हाती इनबॉक्स आला त्याला दोन्ही मेल दिसतात. जपानमध्ये ही पद्धत कार्यालयीन शिस्तच होऊन बसली होती: आधी पासवर्ड लावलेली झिप, मागोमाग पासवर्डची मेल. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथले डिजिटल सुधारणा मंत्री ताकुया हिराई यांनी सरकारच्या मध्यवर्ती कार्यालयांत ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. संरक्षण मिळत नव्हतंच, वर तोटा होता. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत काय आहे हे अँटीव्हायरसला तपासता येत नाही, आणि 'इमोटेट' नावाचा घातक प्रोग्राम पसरवणाऱ्यांनी नेमका याचाच फायदा घेतला.

पासवर्ड लावायचाच असेल तर तो वेगळ्या मार्गाने कळवा. फाइल ईमेलने गेली तर पासवर्ड फोनवर बोलून सांगा. आणि तो कोणत्याही कागदावर सापडणारा नसावा. आपसात काही संबंध नसलेले पाच शब्द सांगायला सोपे आणि तोडायला अवघड असतात. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून पाच शब्द निवडले तर शक्यता होतात सुमारे २८ वर १८ शून्यं. ३६,५२५ शी तुलना करून बघा. प्रत्येक ग्राहकाला वेगळा पासवर्ड हवा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. अख्ख्या कार्यालयाचा एकच पासवर्ड असला तर प्रत्येक ग्राहक दुसऱ्या प्रत्येकाची फाइल उघडू शकतो.

## मग पाठवायचं कशातून?

कर्ज देणाऱ्या संस्थेचं पोर्टल असेल तर तेच वापरावं. पोर्टल म्हणजे संस्थेची अशी जागा जिथे लॉगिन करून फाइल चढवता येते आणि बघता येते. त्याचा मोठा गुण असा की फाइल एका ठिकाणी राहते आणि माणसं तिच्यापाशी येतात. ईमेलमध्ये नेमकं उलट होतं. पोर्टलवर प्रती कमी होतात, कोणी कधी उघडली याची नोंद राहते, आणि काम झाल्यावर एखाद्याचा प्रवेश काढून घेता येतो.

पोर्टल म्हटलं म्हणजे सगळं आलबेल असं मात्र नाही. सुरुवातीच्या प्रकरणातही एक व्यवस्था होती, तिच्यात लिंक होती, फक्त लिंक उघडणारा कोण हे ती विचारत नव्हती. ज्याच्या हाती लिंक तो मालक, असा तो कारभार. क्लाउडवरच्या फाइली वाटतानाही हाच पर्याय सर्वांत सोयीचा म्हणून वापरला जातो: 'लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल'. लिंक फॉरवर्ड होते, ब्राउझरच्या इतिहासात राहते, स्क्रीनशॉटमध्ये दिसते. म्हणून प्रवेश ठरावीक ईमेल पत्त्यांपुरता ठेवा आणि लिंकला मुदत घाला.

दुसरी गोष्ट दुहेरी पडताळणीची. म्हणजे पासवर्डशिवाय फोनवर येणारा किंवा अॅपमध्ये दिसणारा आणखी एक कोड. फाइली हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या ईमेल खात्यावर आणि पोर्टलवर ती चालू असायलाच हवी. एजंटकडे सुरक्षेसाठी एकच काम करण्याइतका वेळ असेल तर मी त्याला हे सांगेन, कारण त्याच्या इनबॉक्समध्ये एका माणसाची नाही, शेकडो कुटुंबांची कागदपत्रं असतात.

जीमेलचा 'कॉन्फिडेन्शिअल मोड' बऱ्याच जणांना पोर्टलला पर्याय वाटतो. त्यात मेलला मुदत घालता येते आणि फॉरवर्ड करणं, डाउनलोड करणं अडवता येतं, हे खरं. पण ते एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, आणि स्क्रीनशॉट घेणाऱ्याला ते थांबवत नाही. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच.

## आणि व्हॉट्सअॅप?

लोक वापरतात, तेव्हा टाळून कसं चालेल. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवर सगळे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे वाटेपुरतं बोलायचं तर ते साध्या ईमेलपेक्षा सरस आहे. अडचण पुन्हा मुक्कामाची. ओळखपत्राचा फोटो समोरच्याच्या गॅलरीत, घरच्या फोटोंच्या शेजारी जाऊन बसू शकतो आणि तिथून क्लाउडवर जातो. चॅटचा बॅकअप एन्क्रिप्ट करण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपणहून चालू करावी लागते. एजंटने नोकरी बदलली आणि फोन त्याचा स्वतःचा असला, तर ती चॅट त्याच्याबरोबर नव्या नोकरीवर जाते. एखादा किरकोळ कागद घाईत पाठवायला ठीक आहे, संपूर्ण फाइलीसाठी नाही.

## चुकीच्या पत्त्यावर गेलेली मेल

हॅकर म्हटलं की अंधाऱ्या खोलीतला कोणीतरी डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात बरीचशी माहिती फुटते ती कामाच्या गडबडीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेनला जी-२० परिषद होती. ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर विभागातल्या एका कर्मचाऱ्याने ३१ राष्ट्रीय नेत्यांची माहिती, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारखांसकट, एका फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांना पाठवून दिली. बराक ओबामा, व्लादिमिर पुतिन आणि अँगेला मर्केल त्यात होते. कारण काय, तर पत्ता टाइप करताना ईमेलने आपोआप पुरं केलेलं नाव त्याने तपासलं नाही. तिथे एन्क्रिप्शन कितीही चांगलं असतं तरी मेल चुकीच्या माणसाकडे अगदी सुरक्षितपणे पोहोचली असती.

गेलेली मेल परत बोलावता येईल या भरवशावर राहू नका. जीमेलचं 'अनडू' म्हणजे मेल पाठवण्याआधी जास्तीत जास्त ३० सेकंद थांबवून ठेवणं. आउटलुकचं 'रिकॉल' आपल्याच संस्थेच्या बाहेर गेलेल्या मेलवर चालत नाही. पोर्टलवरून किंवा ठरावीक पत्त्यांपुरती लिंक दिली असेल तर मात्र प्रवेश काढून घेता येतो.

याहून सरळ उपाय म्हणजे कमी पाठवणं. घराचं मूल्यांकन करणाऱ्याला पत्ता, क्षेत्रफळ आणि मालमत्तेचे कागद लागतात. त्याला करविवरणाचं काय काम? तरी एकच भली मोठी पीडीएफ सगळ्यांना जाते, कारण ती तयार असते आणि तुकडे करायचा कंटाळा येतो. युरोपीय संघाच्या जीडीपीआर कायद्यात, जो मे २०१८ पासून लागू आहे, हे तत्त्व म्हणूनच घातलेलं आहे: कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. ग्राहकालाही विचारण्याचा हक्क आहे की हा कागद नेमका कशासाठी हवा. मुकाट्याने देण्यापेक्षा विचारलेलं बरं. गंमत अशी की बरेचदा उत्तर मिळतं, 'असू द्या, लागला तर घेऊ.'

काही ओळी झाकून कागद द्यायचा असेल तर नीट झाका. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनफर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात सादर केलेल्या पीडीएफमध्ये काही परिच्छेदांवर काळ्या पट्ट्या होत्या. पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की तो जसाच्या तसा वाचता येत होता. पट्टी वर चढवली होती, मजकूर काढलेला नव्हता. फोनवर फोटोतल्या ओळी काळ्या हायलायटरने रंगवणाऱ्यांचंही असंच होतं. तो रंग थोडा पारदर्शक असतो, फोटो उजळ केला की खालचे आकडे वर येतात. मजकूर काढून टाकणारं रिडॅक्शनचं साधन वापरावं. ते नसेल तर कागदाची छापील प्रत घेऊन खाजगी भागावर दुसरा कागद ठेवून मग स्कॅन करावा.

## चोर कागद वाचतो, मग पैशांच्या दिवसाची वाट बघतो

माहिती चोरून नावावर खोटं कर्ज काढणं ही एक भीती. गृहकर्जात तिच्यापेक्षा लवकर बसणारा फटका वेगळा आहे. कोणीतरी एजंटच्या किंवा वकिलाच्या इनबॉक्समध्ये शिरतो आणि काहीही न करता वाचत बसतो. कोण कोणाशी कसं बोलतं, रक्कम किती, व्यवहाराची तारीख कोणती, सगळं त्याला कळतं. मग नेमक्या दिवशी खरेदीदाराला मेल जाते: खाते क्रमांक बदलला आहे, रक्कम या खात्यात भरावी. नाव बरोबर, रक्कम बरोबर, बोलण्याची ढबही बरोबर. संशय यायला जागा नसते. अशा प्रकारच्या ईमेल फसवणुकीत, घरव्यवहार आणि इतर सगळे धरून, २०२३ या एका वर्षात २९० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झाल्याच्या तक्रारी एफबीआयकडे नोंदल्या गेल्या.

त्यामुळे कागदपत्रांची गुप्तता आणि पैशांची सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर फोन करून विचारा, आणि तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर. एजंट आणि वकिलांनी हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं: आमचा खाते क्रमांक ईमेलने कधीही बदलणार नाही.

## 'आमच्या ग्राहकांना हे सगळं जमत नाही'

ही तक्रार खरी आहे, तिला हसू नये. लॉगिन, कोड, अॅप, मुदत संपलेली लिंक, या सगळ्यात एखादे आजोबा अडकले तर शेवटी ते शेजारच्या मुलाच्या ईमेलवरून कागद पाठवतात. म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली आणखी एक प्रत, तीही परक्याच्या खात्यात. अवघड केलेली सुरक्षा लोक वळसा घालून टाळतात. ज्याला जमत नाही त्याला कार्यालयात बोलवावं, त्याच्यासमोर स्कॅन करून थेट पोर्टलवर चढवावं आणि मूळ कागद त्याच्या हातात परत द्यावेत.

मग कागदच बरा, असं कोणी म्हणेल. कागदाची झेरॉक्सही यंत्रातून जाते. २०१० मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीने वापरलेली कॉपियर यंत्रं विकत घेतली. त्यांच्या हार्ड डिस्कवर आधी काढलेल्या प्रती तशाच होत्या, आणि त्यात एका आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांच्या वैद्यकीय नोंदी सापडल्या. २०१३ मध्ये त्या कंपनीला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. कागद वापरल्याने प्रती टळत नाहीत, त्या फक्त दिसेनाशा होतात.

## 'पण कायद्यानेच कागद ठेवावे लागतात ना?'

काही कागद, काही वर्षं, ठरावीक ठिकाणी. सगळे कागद, कायमचे, सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये ठेवा असं कायदा सांगत नाही. आता तर तो उलटही सांगू लागला आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा सुरक्षाविषयक नियम गृहकर्ज देणाऱ्या बिगरबँक संस्थांना आणि ब्रोकरांना लागू आहे. जून २०२३ पासून लागू झालेल्या त्याच्या सुधारित तरतुदींनुसार ग्राहकाची माहिती पाठवताना आणि साठवतानाही एन्क्रिप्ट करावी लागते, दुहेरी पडताळणी लागते, आणि माहिती शेवटची वापरल्यापासून दोन वर्षांच्या आत ती नष्ट करावी लागते, ठेवण्याचं कायदेशीर किंवा व्यवसायाचं रास्त कारण असेल तेवढं सोडून. जीडीपीआरमध्ये माहिती फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवण्याचं बंधन आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दंडाच्या आकड्यांपेक्षा मला दोन वर्षांची अट जास्त महत्त्वाची वाटते. माहिती जपण्याचे सगळे उपाय एकीकडे आणि ती जवळच न ठेवणं दुसरीकडे. नसलेली फाइल कोणी चोरू शकत नाही.

कर्ज मंजूर झालं, किंवा नाकारलं गेलं, की एक तास राखून ठेवा. नाकारलेल्या अर्जांची कागदपत्रं सर्वांत जास्त रेंगाळतात, कारण त्यांच्याकडे परत कोणी बघत नाही. तुम्ही कर्जदार असाल तर 'सेंट' फोल्डर, फोनची गॅलरी, 'डाउनलोड्स' आणि स्कॅनिंगचं अॅप बघा. जे लागेल ते एका एन्क्रिप्टेड ठिकाणी ठेवा, बाकीचं काढा, आणि कचऱ्याची पेटीही रिकामी करा, नाहीतर फाइली तिथे काही आठवडे पडून असतात. ज्यांच्याकडे कागद गेले त्यांना एक छोटी मेल टाका: व्यवहार संपला, माझी कोणती कागदपत्रं तुमच्याकडे आहेत, कुठे आहेत, आणि ती कधी काढणार? फाइल हाताळणारे असाल तर हे उत्तर मागायच्या आधी तयार ठेवा: कोणता कागद किती काळ ठेवायचा याची यादी, आणि तो काळ संपला की प्रत्यक्ष डिलीट करणारा एक नेमून दिलेला माणूस. हे काम सगळ्यांचं म्हटलं की ते कोणीच करत नाही.